दारांतील चहाचा वाफा

या मासिकांत ऊस, आलें, हळद, सोयाबीन अशा मोठ्या पिकांवर जाणत्या बागाइतदारांचे लेख येत असतात. त्यांच्या पंक्तीस बसण्याजोगें पीक माझ्यापाशीं नाहीं. मी ज्या लागवडीविषयीं लिहिणार आहें तिला हमीभाव नाहीं, आडत नाहीं, आणि सातबाऱ्यावर तिच्यासाठीं ओळहि खर्चीं पडत नाहीं. स्वयंपाकघराच्या दारापासून दहा पावलांवर असलेला, दहा फूट लांब व चार फूट रुंद असा तो एक वाफा आहे. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. त्याचा सत्ताविसावा हिस्साहि हा वाफा पुरता भरत नाहीं. त्यांत गवती चहा, तुळस, आलें, पुदिना व पानओवा अशीं पांच प्रकारचीं झाडें आहेत, आणि घरांतील सर्व माणसांच्या दोन वेळच्या चहास त्यांतून पुरवठा होतो. महसूल खात्यांत सारा जन्म कारकुनी करून एकरांचे व हेक्टरांचे उतारे लिहिलेल्या माणसानें एवढ्याशा तुकड्यावर लेख लिहावा, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु हा वाफा मीं हौसेनें केलेला नाहीं. एका अपघातानें तो मला करावयास लाविला. तो अपघात प्रथम सांगतों, म्हणजे पुढील सूचनांचें कारण ध्यानांत येईल.

बांधावरची पात

आमची जमीन सातारा जिल्ह्यांत आहे. थोडी बागाईत, बाकी जिराईत. वडिलांच्या वेळेपासून दोन वावरांमधील बांधावर गवती चहाची ओळ आहे. त्याच्या मुळ्यांचें जाळें माती धरून ठेवितें, पावसाच्या लोंढ्यानें बांध फुटत नाहीं, आणि गुरें त्या पातीस सहसा तोंड लावीत नाहींत. म्हणून ती ओळ लाविलेली. घरामागें न्हाणीच्या पाण्यावरहि एक जुना ठोंब होता. परंतु न्हाणीचें पाणी गटारास जोडल्यापासून तो सुकत चालला होता, आणि त्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें. माझेंहि नव्हतें.

सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्याच खरिपांत सोयाबीनवर अळी पडली. मीं मजूर लावून फवारणी करविली. औषध आंतरप्रवाही होतें; डब्यावर पिवळा त्रिकोण होता; दिवस वाऱ्याचा होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहास पात नव्हती, म्हणून माझी दहा वर्षांची नात धांवत बांधावर गेली व मूठभर पात घेऊन आली. माझ्या मातोश्रींचें वय ऐशींच्या पुढें आहे. कोवळ्या पातीचा बुडखा सोलून आंतील पांढरा गाभा चघळण्याची त्यांस लहानपणापासून संवय. त्यांनीं तो चघळला व वर दोन कप चहा घेतला. तासाभरांत त्यांच्या तोंडास लाळ सुटली, अंगास घाम फुटला, उलट्या सुरू झाल्या. घरांतील इतर माणसांस नुसती मळमळ झाली.

तालुक्याच्या रुग्णालयांत डॉक्टरांनीं त्यांच्या डोळ्यांवर बॅटरी धरली. बाहुल्या टांचणीच्या डोक्याएवढ्या बारीक झाल्या होत्या. डॉक्टरांनीं मला बाजूस घेऊन विचारलें, "काका, शेतांत फवारणी केव्हां केली?" मीं सांगितलें, "काल." पुढें त्यांस कांहीं विचारावें लागलें नाहीं. अ‍ॅट्रोपिनचीं इंजेक्शनें सुरू झालीं, आणि देवाच्या कृपेनें चवथ्या दिवशीं मातोश्री घरीं आल्या.

सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी व शेतमजूर दगावले, तें वृत्त सर्वांच्या स्मरणांत असेल. आमच्या कचेरींतहि विषबाधेच्या प्रकरणांचे कागद येत. पंचनामा, जबाब, वैद्यकीय दाखला, वारसाचा अर्ज, सर्व क्रमानें लावून मी ते पुढें पाठवीत असें. आणि हीं माणसें इतकीं बेफिकीर कशीं, असेंहि मनांत येत असे. रुग्णालयाच्या बांकावर बसलों असतां त्या कागदांतील माणसें मला प्रथमच दिसलीं. फवारणीच्या वेळीं मीं मजुराच्या तोंडास फडकें बांधविलें होतें, हातमोजे दिले होते. परंतु घरांत एका शब्दानें सांगितलें नव्हतें कीं, आज बांधाकडे कोणी जाऊं नये. नातीचा त्यांत कांहींच दोष नव्हता.

हें पीक इतर पिकांहून वेगळें कां

धान्य वाळतें, पाखडलें जातें, दळलें जातें. भाजी निवडितात, धुतात, सोलितात. चहाच्या पातीचें तसें नाहीं. ती खुडली कीं पांच मिनिटांत उकळत्या पाण्यांत पडते, आणि पानांत जें जें असेल तें पाण्यांत उतरावें हाच त्या उकळण्याचा हेतु असतो. पानावरचें औषध धुतल्यानें थोडेंबहुत जाईल. पण आंतरप्रवाही औषध पानाच्या रसांत भिनलेलें असतें, तें धुण्यानें निघत नाहीं. उकळल्यानें सर्व विष नाहींसें होतें हा समजहि भ्रामक आहे. फवारणीनंतर किती दिवसांनीं माल काढावा हें डब्यावरील पत्रकांत छापलेलें असतें. परंतु ते दिवस त्या पत्रकांत नांव दिलेल्या पिकापुरते असतात, शेजारच्या बांधावरील गवतासाठीं नव्हेत. तणनाशकाची फवारणी तर हल्लीं पुष्कळ ठिकाणीं थेट बांधावरच होते.

म्हणून माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, बांधावरचा गवती चहा बांध राखण्यास ठेवावा, चहांत घालूं नये. आणि चहाची पात जेथें फवारणीचा पंप कधींच येत नाहीं अशा दारांतच लावावी.

जागा, माती व पाणी

खात्यांतील संवयीप्रमाणें प्रथम चतुःसीमा सांगतों. माझ्या वाफ्याच्या पश्चिमेस घराची भिंत, पूर्वेस अंगण, दक्षिणेस पाण्याची टांकी व उत्तरेस तुळशीवृंदावन. शेतें सर्व पश्चिमेस आहेत. खरिपांत आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून व नैऋत्येकडून येतो, आणि फवारणीहि त्याच दिवसांत होते. वाफा घराच्या पूर्वेस असल्यानें मध्यें घराचा आडोसा होतो. ज्यांचीं शेतें दुसऱ्या दिशेस असतील त्यांनीं आपला वारा पाहून जागा ठरवावी. सकाळचें ऊन तीन-चार तास मिळालें म्हणजे पुरे. उन्हाळ्यांत दुपारची सावली या झाडांस मानवते.

आपली काळी जमीन पाणी धरून ठेविते. म्हणून वाफा नऊ इंच उंच करावा. तीन घमेलीं माती, एक घमेलें वाळू किंवा बारीक मुरूम, व एक घमेलें पूर्ण कुजलेलें शेणखत हें प्रमाण मला मानवलें. शेणखत अर्धवट कुजलेलें असल्यास हुमणी येते. भोंवतीं कामट्यांचें बुटकें कुंपण अवश्य घालावें; कुत्रीं व कोंबड्या यांस मऊ माती फार आवडते.

पूर्वीं न्हाणीच्या पाण्यावर केळ, अळू व गवती चहा आपोआप पोसत असत. त्या वेळीं अंगास चण्याचें पीठ किंवा साधा साबण असे. हल्लींच्या कपडे धुण्याच्या पावडरीचें पाणी रोज मुरलें तर जमीन क्षारट होते. भाजी व तांदूळ धुतलेलें पाणी वाफ्यास द्यावें; तें जवळजवळ पुरतें. शोषखड्ड्याच्या जवळ मात्र वाफा मुळींच करूं नये.

पांच झाडांची लागवड

गवती चहा. या झाडास आपल्याकडे क्वचितच फुलोरा येतो. त्यामुळें त्याची लागवड बियांनीं न करितां फुटव्यांनीं करावयाची. जुना ठोंब खणून, मुळ्या असलेले फुटवे वेगळे करावे, वरची पात सहा इंचांवर छाटावी, आणि मृगाचा पाऊस झाल्यावर दोन-दोन फुटांवर लावावे. एका घरास तीन ठोंब पुष्कळ होतात. तीन-चार महिन्यांनीं कापणीस आरंभ करावा. पात उपटूं नये. विळ्यानें जमिनीपासून चार बोटें ठेवून कापावी. तिच्या कडा धारेच्या असतात, म्हणून मुलांस हातानें ओढूं देऊं नये. दर तिसऱ्या वर्षीं ठोंब खणून, फोडून, जागा बदलून लावावा. नाहींतर मध्यें वाळलेलें गवत सांचून पात बारीक होते.

रोप आणतांना एक खबरदारी घ्यावी. सिट्रोनेला नांवाचें गवत दिसण्यांत गवती चहाचें सख्खें भावंड आहे; त्याचें तेल डांस पळविण्यास वापरतात. रोपवाटिकेंत दोहोंची अदलाबदल होते. सिट्रोनेल्याचा बुडखा तांबूस असतो, व पान चुरगाळल्यास डांसांच्या तेलासारखा उग्र दर्प येतो. आपल्या घरगुती गवती चहाचा बुडखा फिकट हिरवा असून पानास लिंबाच्या सालीसारखा वास येतो. लिंबाच्या सालींतील सिट्राल हेंच द्रव्य या पातीच्या तेलांत मुख्य आहे. संशय असल्यास रोप घेऊं नये.

तुळस. वृंदावनांतील तुळस पूजेची. कित्येक घरीं ती सूर्यास्तानंतर व द्वादशीस तोडीत नाहींत, आणि वडीलधाऱ्यांस ती चहासाठीं ओरबाडलेली आवडत नाहीं. म्हणून चहासाठीं चार रोपें वाफ्यांत दीड-दीड फुटावर निराळीं लावावीं. मंजिरी धरूं लागली कीं खुडावी. ती पक्व होऊं दिली तर झाडाचा जोर बियांत जातो आणि पानें लहान होतात. एका रोपाची मात्र मंजिरी राखावी, म्हणजे पुढच्या वर्षीं बीं घरचें मिळतें.

आलें. आमच्या जिल्ह्यांत आल्याची शेती कोणास शिकवावयास नको. घरच्यापुरतें तें अक्षय्यतृतीयेच्या सुमारास धान्याच्या जुन्या गोणींत लावावें. दोन डोळे असलेला अडीच-तीन तोळ्यांचा तुकडा दोन इंच खोल घालावा. गोणीस खालीं भोंकें हवींत, कारण पाणी सांचलें कीं कंद कुजतो. पांच-सहा महिन्यांनंतर बाजूची माती उकरून लागेल तेवढें बोट मोडून घ्यावें व माती पुन्हां लोटावी. येथेंहि एक सावधगिरी सांगतों. लागवडीचें बेणें बहुतेक ठिकाणीं कीटकनाशकाच्या व बुरशीनाशकाच्या द्रावणांत बुडविलेलें असतें. त्या ढिगांतील तुकडा चहाच्या वाफ्यांत आणूं नये, आणि उरलें बेणें स्वयंपाकघरांत तर कदापि नेऊं नये.

पुदिना. बाजारच्या जुडींतील जाड काड्या निवडून खालचीं पानें काढावीं व त्या पाण्याच्या पेल्यांत ठेवाव्या. आठ-दहा दिवसांत मुळ्या फुटतात. पुदिना जमिनीखालून चालत जाऊन सारा वाफा व्यापतो. म्हणून बूड फुटलेलें घमेलें जमिनींत गाडून त्यांतच तो लावावा. टांकीजवळची ओल व अर्धी सावली त्यास द्यावी. वर्षानें जुना काढून नव्या काड्या लावाव्या.

पानओवा. याची फांदी मोडून मातींत खोंवली कीं ती लागते. पाणी थोडें द्यावें. दुधाच्या चहांत त्याची गोडी नाहीं. थंडीच्या दिवसांत आल्याबरोबर काढ्यास दोन पानें घालावीं.

या वाफ्यांत कोणतेंहि औषध फवारूं नये, हा मुख्य नियम. मावा दिसल्यास पाण्याच्या धारेनें झाडावा. फांदी फारच किडली तर कापून जाळावी. झाडेंच गेलीं तर नवीं येतात.

काय लावूं नये

खुद्द चहाचेंच झाड लावावें असें एका स्नेह्यानें सुचविलें. आसामांत हें झाड रानटी वाढतें याकडे १८२३ मध्यें रॉबर्ट ब्रूस याचें लक्ष गेलें, आणि १८३९ मध्यें तेथील चहा प्रथम लंडनच्या लिलावांत विकला गेला, हा इतिहास प्रसिद्ध आहे. परंतु त्या झाडास आंबट जमीन, भरपूर पाऊस व पाण्याचा उत्तम निचरा लागतो. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत तें जगत नाहीं. चहाची पूड विकतच घ्यावी लागणार.

वेलदोड्याचेंहि तसेंच. त्याची पानें एखादे वेळीं घाटावर वाढतील, पण फळ धरण्यास त्यास मलबाराकडील डोंगरांतील सावली व दमटपणा लागतो. कोंकणांतील वाचकांनीं मात्र दालचिनीचें एक झाड जरूर लावावें. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें 'कोंकण तेज' ही दालचिनीची जात काढलेली आहे. तिचें एक झाड परसांत असलें म्हणजे साल व पान दोन्ही घरचीं होतात.

चहा करण्याची रीत

हा विषय स्त्रियांचा म्हणून पुरुष सोडून देतात. परंतु मातोश्रींच्या दुखण्यानंतर सकाळचा चहा मी स्वतः करतों, म्हणून अनुभवानें लिहितों. चार कपांस गवती चहाच्या हातभर लांबीच्या दोन पाती, तुळशीचीं आठ पानें व अर्ध्या अंगठ्याएवढें आलें पुरतें. प्रथम नुसत्या पाण्यांत ठेंचलेलें आलें चांगलें उकळावें. ओल्या आल्यांत दूध फाडणारें द्रव्य असतें. तें उकळण्यानें निकामी होतें, म्हणून आलें दुधांत कच्चें टाकूं नये. नंतर पातीचे तुकडे व तुळस घालून झांकण ठेवावें. सुवास हा उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. उघड्या भांड्यांत तो घरभर पसरतो, कपांत येत नाहीं. मग चहाची पूड, आणि शेवटीं दूध. गूळ घालणाऱ्यांनीं तो भांडें खालीं उतरविल्यावर घालावा, म्हणजे दूध फाटत नाहीं. पुदिना दुधाच्या चहांत घालूं नये. कोऱ्या चहांत, तोहि विस्तवावरून उतरविल्यावर, टाकावा.

पावसाळ्यांत पात फार झाली तर सावलींत वाळवून घट्ट झांकणाच्या बरणींत भरावी. उन्हांत वाळविल्यास रंग व वास दोन्ही जातात. तरी ताज्या पातीची सर वाळलेलीस येत नाहीं.

हा चहा म्हणजे औषध नव्हे, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. साधी सर्दी असेल तर घशास बरें वाटतें. ताप दोन दिवसांत न उतरल्यास डॉक्टर गांठावा. काढ्यावर काढे देत बसूं नये. गरोदर स्त्रियांनीं असे काढे डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नयेत. आणि चहा जेवणाबरोबर घेतल्यास अन्नांतील लोह अंगीं लागण्यास अडथळा होतो, म्हणून जेवण व चहा यांत तासाभराचें अंतर ठेवावें.

फवारणीच्या दिवसाचे नियम

वाफा केला म्हणजे काम संपलें असें नाहीं. आमच्या घरीं पुढील नियम ठरविले आहेत व ते स्वयंपाकघराच्या दारामागें खडूनें लिहून ठेविले आहेत. पहिला, फवारणीच्या आदल्या रात्रीं घरांतील लहानथोर सर्वांस सांगावयाचें: कोणतें वावर, कोणतें औषध. दुसरा, त्या वावराच्या बांधावरून त्या हंगामांत पात, भाजी, शेंग, कांहींहि तोंडांत घालावयाचें नाहीं. तिसरा, वारा असेल तर फवारणी पुढें ढकलावयाची, मजुराचा खाडा भरून द्यावा लागला तरी. चवथा, पंप व कपडे वाफ्याजवळ किंवा टांकीजवळ धुवावयाचे नाहींत. पांचवा, डब्यावरचा त्रिकोण स्वतः पाहावयाचा. तांबडा अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. परंतु हिरवा म्हणजे निर्धोक असें नव्हे. शेजारच्या शेतकऱ्यासहि आम्ही सांगतों, व तोहि आतां आम्हांस सांगतो. पूर्वीं हद्दीच्या खुणांवरून आमचें बोलणें बंद होतें. तें या निमित्तानें सुरू झालें.

खर्चाचा हिशेब विचाराल तर बेणें, कामट्या व दोन दिवसांची मेहनत एवढाच खर्च झाला. उत्पन्नाचा आंकडा मांडतां येत नाहीं. मातोश्री अजूनहि पात हातांत घेतल्यावर नातीस विचारतात, "कुठली ग ही?" ती सांगते, "दारची, थोरली आजी." मग त्या बुडखा सोलून चघळतात. त्यांची ती संवय मोडावी असें मला एकदां वाटलें होतें. परंतु जी संवय ऐशीं वर्षें निर्धोक होती, ती मोडण्यापेक्षां आपलें वावर सुधारणें बरें, असें ठरविलें.

माझ्या वाफ्यांतील एक ठोंब येत्या मृगांत तिसऱ्या वर्षाचा होईल व फोडावा लागेल. वीस-पंचवीस फुटवे निघतील. संघाच्या ज्या सभासदांस हवे असतील त्यांनीं वळवाचा पाऊस झाल्यावर येऊन न्यावे. मोल नाहीं. नेणाऱ्यानें ते बांधावर न लावितां दारांत लावावे, एवढीच अट आहे.